थुआची झोळी

लुंग सिंगकेवचे दात गेले तेव्हा आमच्या गल्लीत कुणाला पत्ताही लागला नव्हता. थुआचे गेले तेव्हा मात्र सगळी गल्ली विचारपूस करायला लोटली. लुंगना मी हे बोलून दाखवलं, तर म्हणाले, "माझ्या दातांनी कुणाचं काय केलं होतं? थुआच्या दातांनी बारा वर्षं तुमचं पुण्य वाहिलंय."

थुआ हा त्यांचा कुत्रा. थुआ म्हणजे शेंगदाणा, आणि त्याचा रंग भाजलेल्या शेंगदाण्याचाच होता. वयाने मोठ्या पुरुषाला आम्ही थाई लोक लुंग म्हणतो, काका म्हणावं तसं. सिंगकेव तर सगळ्या गल्लीचे लुंग होते, अगदी त्यांच्याहून मोठ्या माणसांचेसुद्धा.

तरुणपणी ते नान गावात तीनचाकी सायकलरिक्षा ओढायचे. पिंढऱ्या अशा की बायका बघून हसायच्या. पुढे मोटारसायकली आल्या, गिऱ्हाईक तुटलं. एका सकाळी त्यांनी रिक्षा बाहेर काढली नाही, आणि दुसऱ्या सकाळी ते अंथरुणातून उठलेच नाहीत. ताप नाही, खोकला नाही, नुसते भिंतीकडे तोंड करून पडलेले. महिनाभर हे चाललं. शेवटी त्यांच्या बायकोने, नवलचनने, त्यांना हाताला धरून विहारात नेलं आणि भंतेंसमोर उभं केलं. "घरात पडून कुजतोय माणूस. याला काही काम सांगा," म्हणाली. भंतेंनी हातात खराटा दिला. त्या दिवसापासून लुंग विहाराचं अंगण झाडू लागले आणि पहाटे भिक्षाफेरीला भंतेंच्या मागे हातगाडी घेऊन चालू लागले. पात्र भरलं की लोकांनी दिलेलं अन्न गाडीत ठेवायचं, एवढंच काम. पण त्या कामाने ते उठले. म्हणून काम सुटलं की जीव सुटतो, असं त्यांच्या डोक्यात कायमचं बसलं. नवलचन गेली तेव्हाही तिसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन फेरीला हजर होते.

थुआ त्यांना विहाराच्या मागच्या दारात सापडला, मुठीएवढा. तो गाडीमागे धावायचा म्हणून लुंगनी गंमत म्हणून त्याच्या तोंडात रिकाम्या परडीची कडी दिली. त्याने ती सोडली नाही. मग एक केळं ठेवून पाहिलं, मग भाताची पुडी. नाकापासून चार बोटांवर अन्न, पण त्याने कधी तोंड लावलं नाही. माणसांना जमत नाही ते. हळूहळू गल्लीची रीतच पडली. भंतेंच्या पात्रात भात-भाजी, आणि थुआच्या परडीत एक उकडलेलं अंडं. रोज कुणा ना कुणा घरचं. दोन-तीन जमली की लुंग ती गाडीत काढून ठेवायचे. लॉटरीच्या आदल्या दिवशी तर थुआच्या परडीत किती अंडी पडली हे बघायला माणसं यायची आणि तो आकडा लावायची. कुणाला लागल्याचं मी ऐकलं नाही, पण अंडी काही थांबली नाहीत.

मी पेंग, गल्लीच्या मध्यावर बसते. चिकट भात आणि काडीवर भाजलेलं डुकराचं मांस विकते. माझा मुलगा बँकॉकला इमारतीच्या कामावर होता, तिथून तो परत आला नाही. दर उपोसथाला, अमावस्या-पौर्णिमेच्या व्रताच्या दिवशी, त्याच्या नावाने एक अंडं मी थुआच्या परडीत ठेवायचे. भंतेंच्या पात्रात टाकलेलं सगळ्या विहाराचं होतं. थुआ माझ्या डोळ्यांत बघून न्यायचा, म्हणून ते माझ्या पोराला नक्की पोचतं असं मला वाटायचं. वेडेपणा असेल, पण मला त्याने बरं वाटायचं.

थुआ तेरा वर्षांचा झाला आणि त्याच्या तोंडाला घाण वास यायला लागला. मग डोळ्याखाली सूज आली, परडी धरताना लाळेत रक्त दिसलं. लुंगनी त्याला गाडीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणजे कोवळी पोर, पण बोलायला खमकी. तिने सात दात काढले, त्यात खालचा उजवा सुळा. नंतर लुंगना समोर बसवून बजावलं. दोन आठवडे पातळ, गार खाणं. हाड नाही, काठी नाही, ओढाताण नाही. "आणि आजोबा, तोंडात काही धरू द्यायचं नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. सुळ्याखालचं हाड मक्याच्या सालीएवढं उरलंय. ताण आला तर मोडेल, आणि या वयात मोडलं तर जुळायचं नाही."

लुंगनी तिचा शब्द न् शब्द पाळला. घरातल्या काठ्या, करवंट्या, खराटा, सगळं छपराला टांगलं. तांदूळ, लाल भोपळा आणि काटे काढलेला मासा एकत्र, मीठ न घालता, खळ होईपर्यंत शिजवायचे. गोळी पिकल्या केळ्यात दाबून द्यायचे. थुआ केळं खायचा आणि गोळी जिभेवरून अलगद खाली ठेवायचा. मग लुंग दुसरं केळं सोलायचे. ओल्या कापडाने त्याचे ओठ पुसायचे, टाके बघायचे, आणि बघताना स्वतःचंच तोंड उघडायचे. पेज दोघांना एकच. लुंगच्या तोंडात दात नव्हतेच, कवळी त्यांना टोचायची.

"लुंग, आज कोण कुणाच्या ताटातलं खातंय?" मी विचारायचे.

"तो माझ्या ताटातलं. पण नखरा असा, जसं काही मीच त्याच्या ताटातलं खातोय."

दिवसा बरं चालायचं. पहाटे मात्र विहाराची घंटा झाली की थुआ उठून दाराशी जायचा. लुंगनी त्याला खांबाला बांधलं होतं, आणि तो ओढ घेईल म्हणून स्वतःही फेरीला जाणं सोडलं होतं. गाडी दुसरंच कुणी ढकलायचं. भंतेंची पावलं गल्लीत वळली की थुआ रडायचा. भुंकणं नव्हे, रडणं. ते सगळ्या घरांत ऐकू यायचं, आणि गुडघ्यावर बसून दान देताना आम्ही एकमेकींकडे बघायचं टाळायचो.

पाचव्या दिवशी त्याने रडणं सोडलं. सहाव्या दिवशी पेज सोडली. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जखम चांगली होती, सूज उतरली होती, डॉक्टर येऊन बघून गेली आणि म्हणाली की खायला हवं, न खाण्याचं कारण दिसत नाही. लुंगना ते दिसत होतं.

"हे दुखणं मला ठाऊक आहे," ते मला म्हणाले. "मी असाच पडलो होतो."

"तुम्ही माणूस, लुंग. तो कुत्रा आहे. चार दिवसांत विसरेल."

"विसरला तर जगेल. पण विसरायच्या आधी मरेल, त्याचं काय?"

त्यांनी उशीच्या जुन्या अभ्र्याची झोळी शिवली. इतकी हलकी की फुंकर मारली तर उडेल. आठव्या दिवशी भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपल्याची पौर्णिमा होती. आदल्या संध्याकाळी ते दारोदार फिरले आणि प्रत्येकाला हात जोडून सांगितलं, "उद्या थुआ येईल. झोळी रिकामी राहू द्या. नुसती धरून चालेल, तेवढ्याने त्याला बरं वाटेल. काही टाकू नका." सगळ्यांनी हो म्हटलं. मीही म्हटलं. वर त्यांना ऐकवलं, "आम्हाला काय अक्कल नाही?"

पहाटे थुआ आला. बारीक झाला होता, एका बाजूने गाल बसला होता, पण शेपटी वर होती. पांढरी झोळी तोंडात, भंतेंच्या दोन पावलं मागे. त्याच्यामागे लुंग, आणि गाडीवाला त्यांच्याही मागे. बायकांनी डोळे पुसले. मीही पुसले, उगाच खोटं का सांगू?

आता जे झालं ते आमच्याच गल्लीत होऊ शकतं. वर्षातला मोठा उपोसथ, आणि दारात आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही हे आम्ही बोलायच्या आधी शिकतो. माझ्या पुढ्यात थुआ थांबला. माझ्याकडे बघितलं. भंते आशीर्वादाचं पठण करत होते, सगळ्यांचे हात जोडलेले, डोळे मिटलेले. माझ्या पदरात अंडं होतं. टाकायचं ठरवून घेतलं नव्हतं, पण उकडलं होतं हे खरं. मनात म्हटलं, एका अंड्याचं ते वजन काय. पोराचा मोठा दिवस कोरडा कसा जाऊ देऊ. आणि अलगद झोळीत सोडलं. थुआने मान जराशी ताठ केली आणि पुढे निघाला.

विहाराच्या पायऱ्यांपाशी तो थांबला. तीन पायऱ्या चढला. चौथीवर एक आवाज आला, ओली फांदी मोडावी तसा. तो ओरडला नाही. झोळीही सोडली नाही, कारण ती दातांत अडकली होती आणि जबडा तिच्याबरोबर खाली लोंबत होता. भंतेंनी खाली बसून स्वतःच्या हाताने ती सोडवली आणि उघडली. आत अकरा अंडी होती.

म्हणजे मी एकटी नव्हते. आमच्यातल्या अकरा जणांनी डोळे मिटलेल्यांच्या आड, फक्त आपलंच एक म्हणून, ते सोडलं होतं. गाडीवाला मान खाली घालून उभा राहिला. लुंगनी थुआला उचललं आणि घरी नेलं.

डॉक्टर आली. हाड जुळणार नाही म्हणाली. मऊ पट्टी बांधून दिली, सुई नसलेली पिचकारी दिली आणि हळू आवाजात म्हणाली, "त्याला झोपवून टाकता येईल, आजोबा. त्रास होणार नाही."

"त्याचे जेवढे दिवस आहेत तेवढे त्याला घेऊ दे," लुंग म्हणाले. "तोडायचा हक्क मला नाही."

मग ते दर दोन तासांनी पिचकारीने पेज पाजत राहिले. अर्धी आत जायची, अर्धी त्यांच्या लुंगीवर. वेदनेची गोळी पेजेत विरघळवायचे. गल्लीतली माणसं एकेक करून यायची, दुसरं कुणी नाही असं बघून. "लुंग, त्यातलं एक माझं होतं." प्रत्येकाला वाटायचं कबूल करणारे आपण पहिलेच. लुंग प्रत्येकाला तेच सांगायचे, "तुझ्या एका अंड्याने काही होत नाही रे. घरी जा." माणसं हलकी होऊन परत जायची. हे मला माहीत आहे, कारण त्यांचं घर माझ्या दुकानातून दिसतं, आणि येणाऱ्याची चाल नि जाणाऱ्याची चाल मी बघत होते. मी मात्र गेले नाही. रोज उद्या म्हणायचे.

पौर्णिमेनंतर बाराव्या दिवशी, दुपार व्हायच्या आत, थुआ गेला. लुंगचा हात त्याच्या मानेवर होता. विहाराच्या मागे त्याला पुरलं तेव्हा भंतेंनी माणसासाठी म्हणतात तेच सगळं म्हटलं. त्यानंतरही मी चार दिवस लावले. मग एका सकाळी निखारे न पेटवताच उठले आणि गेले. लुंग पायरीवर बसले होते. दहा जण येऊन गेले होते, अकरावी मी.

"लुंग, ते अंडं..."

"ठाऊक आहे. तपकिरी होतं. डाव्या हाताने टाकलंस."

"तुम्ही बघितलं? मग बोलला का नाही? तिथेच माझा हात का धरला नाही?"

त्यांनी थुआला बांधायच्या खांबाकडे बघितलं. मग म्हणाले, "पहिलं पडलं तेव्हाच बघितलं. काढायला हात घातला, तर त्याने मान फिरवली आणि पुढे चालू लागला. आठ दिवसांनी त्याची शेपटी वर होती, पेंग. मी म्हटलं, एक घर जाऊ दे, पुढच्या घरी काढू. पुढच्या घरी म्हटलं, अजून एक."

मी माफी मागायला हात जोडले.

"जो आला त्याला मी सांगितलं, तुझ्या एकाने काही होत नाही," ते म्हणाले. "ते खोटं नव्हतं, तूही ऐकून घे. तुझ्या एकाने काही झालं नाही. पण मी अकराच्या अकरा बघितली. मला हे कोण सांगणार?"

गल्लीत माझ्या तोंडाला सगळे घाबरतात. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले, ऊन पायावर येईपर्यंत बसले, आणि त्यांना सांगण्यासारखं एक खरं वाक्य मला सापडलं नाही.