डावरी मावशीचा टाका

डावरी मावशी गेल्या तेव्हा नव्वदीला दोनच कमी होत्या. त्यातली साठ वर्षं त्या बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसून लोकांचे कपडे शिवत होत्या. डावखुऱ्या, म्हणून सगळा बाजार त्यांना डावरी मावशी म्हणायचा. नवरा तिशीतच गेला, पदरात तीन पोरं. पण बाईनं कुणापुढे हात पसरला नाही. गिऱ्हाइकानं घासाघीस केली की म्हणायच्या, "सुई देते, घरी नेऊन शिव!" जीभ तिखट, पण तुरपाई अशी की शोधून सापडायची नाही.

थोरल्या सुनेला त्यांनी पहिल्या वर्षी रडवलं आणि पुढची पस्तीस वर्षं पोटच्या पोरीसारखं शिकवलं.

आता धाकटा दीर आईवर छोटंसं पुस्तक छापायला निघाला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो मजकूर वाचत होता, नणंद डोळे पुसत होती, आणि सून एका वाक्याला भिऊन ऐकत होती. शेवटी ते वाक्य आलंच. "अखेरच्या वर्षी आईची बुद्धी गेली. स्वतःच्या हातचा टाकाही तिला ओळखू येईना."

अहो, बुद्धी कसली गेली! गेली होती ती नजर. टाके वेडेवाकडे पडू लागले होते. सासूबाई दुपारी आडव्या झाल्या की सून त्यांचं काम गुपचूप उसवायची आणि पुन्हा घालायची. सुई सुटली तर म्हातारी अंथरूण धरेल, ही एकच धास्ती. डावऱ्या हाताचा टाका उलटा कलतो, म्हणून ही उजव्या हाताची बाई मुद्दाम डावीकडून उजवीकडे शिवत जायची. दोन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. सासूबाई तर तोऱ्यात सांगायच्या, "पंच्याऐंशी उलटली, पण हात बघा माझा!"

एके दिवशी पाहुणे आले आणि घाईघाईत सून सवयीप्रमाणे सरळच शिवून बसली. संध्याकाळी सासूबाईंनी कोटाच्या काठावरून बोट फिरवलं.

"हा टाका माझा नाही."

तेव्हाच खरं सांगायचं ना! चार शिव्या खाल्ल्या असत्या, संपलं असतं. पण सुनेनं धीर सोडला. "तुमचाच आहे, आई. काल तुम्हीच नाही का घातलात?"

"मी?" त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. मग कोट हळूच बाजूला ठेवला.

त्या दिवसापासून त्यांनी सुई धरली नाही. आयुष्यभर कुणाचं न ऐकलेली बाई, जेवण झाल्यावर विचारू लागली, "मी जेवले का गं?" स्वतःचा टाकाही ओळखू येत नाही, म्हणजे बुद्धी गेली, असं घरानं ठरवून टाकलं. नणंद त्यांना आपल्याकडे घेऊन गेली आणि चार महिन्यांत त्या गेल्या. सून रोज म्हणायची, उद्या जाऊन सांगते. तो उद्या काही उगवला नाही.

"भावजी, ते वाक्य खोडा," सून म्हणाली. आणि कोटापर्यंतचं सगळं सांगून टाकलं. "त्यांचं बरोबर होतं. खोटं मी बोलले."

दिरानं कागद खाली ठेवला. "जाऊ दे वहिनी, तू चांगल्यासाठीच केलंस."

"थांब रे," नणंद म्हणाली. ती सुनेकडे वळली. "म्हणजे तिला सगळं कळत होतं?"

"सगळं, वन्सं."

"शेवटी शेवटी आठ दिवस ती सांगत होती गं मला, पोटात दुखतंय, डॉक्टरला बोलाव. मी म्हटलं, आई, तुला उगाच वाटतंय तसं." नणंदेनं तो कागद उलटा करून ठेवला. "तर म्हणाली, असेल बाई. माझं मलाच कळत नाही हल्ली. आणि मग परत दुखण्याचं बोललीच नाही."