दादारावच्या आईचा मुक्काम

किस्से काय कुणी ठरवून गोळा करतं का हो! दुधावर साय धरते तसे ते आपले धरत जातात. नव्वदच्या दशकातली आमची बारामतीची डेअरी. सकाळचे कॅन उतरले की तासभर निवांत. ओली फरशी, चहाची वाफ, आणि आम्ही तिघं: पिंपळीचा मी, लासुर्ण्याचे अण्णा आणि सुप्याचा दादाराव. तिघंही गरिबीत वाढलेलो, त्यामुळं बोलणं फिरून तिथंच यायचं.

अण्णांचा शर्ट कायम ढगळ. लहानपणी एकच शर्ट वर्षानुवर्षं पुरवायचा, म्हणून आई वाढत्या मापाचा शिवायची. ती खोड काही गेली नाही. एकदा टेलर वैतागला, "अण्णा, आता तुमी आनखी कुठवर वाढनार?"

"आसू दे की, पुढं लागंल!"

वय पंचेचाळीस!

माझं निराळंच. घरात भावंडं ढीगभर आणि परात एक. जो रेंगाळला तो उपाशी! लग्नानंतर बायकोनं पहिल्यांदा ताट वाढलं नि पाणी आणायला आत गेली. येईपर्यंत ताट चकाचक. बिचारी कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई, मी वाढलंच न्हाय व्हय!" तिनं पुन्हा वाढलं. मी गुमान जेवलो.

दादाराव मात्र मेंढपाळाचा. खतासाठी शेतकरी कळप रानात बसवायचे, बदल्यात धान्य द्यायचे. रान खतावलं की मालक म्हणायचा, "उठा." लगेच बिऱ्हाड घोड्यावर आणि पुढचं रान. दादाराव चहाचा कप तसाच धरून कुठंतरी बघत बोलायचा, "निजल्यावर वरच्या समद्या चांदण्या आपल्याच वाटायच्या. खालची भुई तेवढी दुसऱ्याची."

त्यानं बारामतीत घर बांधलं ते एकाच हट्टानं: आईला आता कुणी 'उठा' म्हणायचं नाही.

आई आली. चार दिवस झाले नाहीत तोच सकाळी बोचकं बांधून दारात! "चल रं, झालं हितलं. मालकानं म्हनायच्या आत उठावं."

"आई, घर आपलं हाय!"

"व्हय, व्हय," म्हणत म्हातारी एसटीनं सुप्याला, भावकीच्या कळपाकडं. पुन्हा आणली, पुन्हा तेच. दादारावच्या डोळ्यात पाणी यायचं. "मग मी घर बांधलं कुनासाठी?" आम्हाला वाईट वाटायचं.

पुढं बरेच दिवस म्हातारी सुप्याला परतल्याचं कानावर आलं नाही. एका रविवारी दुपारी मी त्याच्या घरी गेलो. बघतो तर काय, दादारावच्या डोक्यावर बोचकं, खांद्यावर घोंगडं, आणि मागं काठी टेकत म्हातारी! मागच्या खोलीतून निघून दोघं पुढच्या खोलीत चाललेले.

"मुक्काम हलवतोय," तो माझ्या कानात पुटपुटला. "दर चार दिसांनी."

त्यानं खिडकीखाली घोंगडं अंथरलं. म्हातारी बसली, तळव्यानं फरशी चाचपली, बाहेरच्या उन्हाकडं पाहिलं.

"बरं हाय रान. मालकाला इचारलंस का?"

दादाराव तिच्याशेजारी बसला.

"इचारलं, आई. ऱ्हावा म्हनलाय."