सतरंजीचं दुसरं टोक

थारूमल सतरंजी एकटेच अंथरत, पण घडी घालायला त्यांना दुसरा माणूस लागे. रविवारची सभा संपली, की ते दुसरं टोक अशा माणसाच्या हाती देत, जो सभेत एक अक्षरही बोललेला नसे. घडी घालताना हळूच विचारत, "साईं, घर जाके बीवी को जो बोलेगा, वो इधर क्यूं नहीं बोला?" पुढच्या रविवारी तो माणूस बोलायचा.

उल्हासनगरच्या कॅम्पात तेव्हा सिंधमधून आलेली कुटुंबं लष्कराच्या जुन्या बराकींत राहत. मी अंबरनाथच्या कारखान्यात कारकून; क्वार्टर मिळालं नाही म्हणून त्यांच्यातच खोली घेतली होती. थारूमल पापड विकत. आमच्या रांगेला नळ नव्हता, आणि तो कुठे बसवून मागावा यावर सतरंजीवर कितीतरी रविवार भांडणं झाली. बायका मागे उभ्या असत. "पानी तुम भरती हो, आगे बैठो," म्हणत थारूमलनी त्यांना पुढे बसवलं. नळाची जागा शेवटी बायकांनीच ठरवली आणि सगळी रांग मिळून कचेरीत गेली. नळ आला.

मग कॅम्पाच्या समितीची पहिली निवडणूक आली. अर्ज लिहिता येतात म्हणून थारूमलनी मला उभं केलं. म्हणाले, "बाबू, जीतने के बाद भी इधरीच बैठना. नीचे, हमारे साथ." मी हो म्हटलं.

निवडून आल्यावर काही रविवार बसलोही. पण तेच ते वाद ऐकून कंटाळलो. एकदा म्हणालो, "आता मी आहे ना? अडचण असेल त्याने घरी येऊन सांगावं. सभा कशाला?" लोकांना सुटल्यासारखं झालं. थारूमल एवढंच म्हणाले, "तू अच्छा आदमी है, बाबू. सब काम करेगा. फिर ये लोग क्या करेंगे?"

लोक घरी येऊ लागले. एकेकटे, हलक्या आवाजात, शेजाऱ्याला कळू नये असं काहीतरी मागायला.

थारूमल पुढे मुलाकडे बडोद्याला गेले आणि तिथेच वारले. तो नळ मी आणला असं अजून सांगतात. मी आणला नाही. मी सभा बंद पाडली.

सभेच्या शेवटच्या रविवारी थारूमल सतरंजीवर एकटेच बसले होते. ऊन चढल्यावर उठले आणि एक टोक धरून इकडेतिकडे पाहत उभे राहिले. मी खिडकीत होतो. तेवढ्यात कोणीतरी काम घेऊन आलं, म्हणून मी आत वळलो. पुन्हा पाहिलं तेव्हा ते सतरंजी तशीच, घडी न घालता, मातीतून ओढत नेत होते.