उलट्या लवेचा कोट

मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला की ती मांजरीसारखी अंग टाकते. खालून वर फिरवला की अंगावर येते. म्हणून कोटाचे सगळे तुकडे एकाच दिशेनं कापायचे. नाहीतर अर्धा कोट उजळतो आणि अर्धा काळवंडतो. शिवणकामात हे पहिल्याच महिन्यात शिकवतात. उशीमावशीलाही शिकवलं होतं. तरी बाविसाव्या वर्षी तिच्या हातून तेच घडलं, आणि पुढची सदतीस वर्षं तिनं मखमलीला बोट लावलं नाही.

उशीमावशी हे नाव पडलं ते उशांच्या खोळींवरून. खोळी, पडदे, गाद्यांची कव्हरं. सरळ कापड, सरळ शिवण. कुणी कोट घेऊन आलं की म्हणायची, "माझा हात चार कोपऱ्यांपलीकडे जात नाही, बाई."

त्या रविवारी दुपारी भाचीनं टेबलावर जांभळी मखमल पसरली. दुकान भाचीचं. तिचा कापणारा गेल्याच आठवड्यात दुसऱ्या दुकानात गेला होता आणि एका गायिकेला मंगळवारी कोट हवा होता.

"मावशी, तूच काप. नाहीतर हे गिऱ्हाईक गेलंच म्हणून समज."

"जाऊ दे. माझ्या हातून वाटोळं होण्यापेक्षा बरं."

"अगं, खुनालासुद्धा इतकी शिक्षा नसते!"

"खून लपवता तरी येतो. अर्धा काळा कोट कुठं लपवशील?"

भाचीनं कपाळावर हात मारला आणि रिळांच्या फळीवरचा टीव्ही लावला. ऐंशीच्या दशकातली गाजलेली गाणी दाखवत होते, विसाव्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंत. मध्ये मध्ये जाणकार मंडळी त्या काळच्या कपड्यांवर बोलत होती.

"हे केस म्हणायचे की कावळ्याचं घरटं?" भाची हसली.

"हसू नकोस. तुझी आई अशीच फिरायची, आणि वर केस फुगवायला मलाच बसवायची."

चौथ्या क्रमांकाचं गाणं लागलं. अंधारात एकच दिवा, त्याखाली पाठमोरा गायक. तो वळला. त्याच्या कोटाची डावी बाजू लखलखत होती आणि उजवी विहिरीत बुडाल्यासारखी. तो फिरला तशी उजवी पेटली, डावी बुडाली. मग त्यानं हात वर केला. बगलेत हिरवा चौकोनी तुकडा.

मावशीच्या हातातली सुई बोटात गेली. तिला कळलंही नाही.

सदतीस वर्षांपूर्वी याच कोटाचं कापड वीतभर कमी पडलं होतं. "डोकं चालव," एवढंच ती ज्यांच्या दुकानात शिवायला होती ते मास्तर म्हणाले होते. तिनं उजवा पुढा, कोटाचा पुढचा भाग, उलटा फिरवून बसवला, लवेची दिशा दाखवणारी बाणाची खूण न बघता. बगलेत तर कापड उरलंच नाही; तिथं तिनं स्वतःच्या हिरव्या झंपराचा तुकडा लावला होता.

"भट्टीत घातला तुझा कोट," दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले होते. "आता तूही उंबरा ओलांड. पुन्हा कुणाच्या अंगावरचं शिवू नकोस." आणि तिनं ते ऐकलं. देवाचं नसेल इतकं ऐकलं.

पडद्यावर आता मास्तर होते. केस पांढरे, कात्री धरणारी बोटं वाकडी, पण बोलणं तेच, तोलून-मापून. "लोक विचारतात, ही कल्पना सुचली कशी? मी मुद्दाम लव उलटी लावली. साऱ्या जगानं नंतर तसेच कोट शिवले. धाडस लागतं हो."

"मावशी! बोटाला रक्त येतंय! काय झालं?"

मावशीनं बोटाकडे पाहिलंच नाही.

"जाळला नव्हता."

"काय?"

"कोट. जाळला नव्हता त्यांनी."

भाचीनं पडद्याकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि ती उसळली. "हा म्हातारा... अगं, तो कोट तुझा? आत्ताच्या आत्ता फोन कर त्या टीव्हीवाल्यांना! चोर तो चोर, वर शिरजोर!"

पण मावशीला कल्पनेची चोरी डाचत नव्हती. तिनं मनातल्या मनात खोळी पाहिल्या, पांढऱ्या, निळ्या, फुलांच्या, घराघरांतल्या डोक्यांखाली सदतीस वर्षं दबलेल्या. तेवढा वेळ तो कोट दिव्याखाली गोल फिरत होता, आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ती उठली. टेबलाशी गेली. बोट तोंडात घालून रक्त चोखलं, पदराला पुसलं. मग तळहात जांभळ्या मखमलीवर ठेवला. वरून खाली. खालून वर. लव अंगावर आली तसा तिच्या अंगावर काटा आला.

"खडू दे."

भाचीनं दिला. मावशीनं कापड पालथं केलं, एक बाण काढला, मग दुसरा, तिसरा. सगळे खाली तोंड करून. पहिल्या खेपेला बाण गांडुळासारखे वळवळले. तिनं ते पुसून पुन्हा काढले.

"मावशी, एक पुढा उलटा लावू या का? तसाच? गायिकेला आवडेल बघ."

"नाही," मावशी म्हणाली. "हा सरळ होईल. मला बघायचाय."

टीव्हीवर तिसरा क्रमांक सुरू झाला. तिनं मोठी कात्री उचलली, दोन्ही हातांनी.