नदीतली टरबुजं

आज बाजारात कुणीतरी टरबूज कापलं आणि त्या वासानं आमची नदीतली वाडी आठवली. धरणाच्या खाली, कोरड्या पात्रातल्या वाळूत आम्ही टरबुजाचे वेल लावले होते. एके दिवशी सकाळी कळलं, नदीच्या खालच्या राज्याच्या वाट्याचं पाणी त्याच दुपारी धरणातून सोडणार. फळं तयार होती, पण निम्मीच तोडून झाली होती. घरधनी टेम्पो आणायला गेले होते. सासूबाई म्हणाल्या, "जल्दी जा, गेटवाल्याला म्हण, सांजेपर्यंत थांब. तोंड दिलंय ना देवानं?" तापलेल्या वाळूतून मी धरणावर गेले. गेटवाला चौकीत डबा खात बसला होता. "काय वहिनी, काय काम काढलं?" मी पदर धरून उभी राहिले. "काही न्हाई," म्हणाले आणि परत फिरले. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणला?" मी सांगितलं, "न्हाई म्हणला." मग पाणी आलं. वेल वाळूतून सुटले, टरबुजं एकमेकांवर आपटत वाहून गेली. मी नुसती बघत होते, रडूसुद्धा आलं नाही. सासूबाई अजूनही त्या माणसाला शिव्या देतात. मी ऐकते आणि भाकरी थापत राहते.