माकडटोपीचा ठिपका

हसणार असाल तर आधी चहा ओता. मी काय माती खाल्ली ते कोरड्या घशानं सांगवत नाही.

पोरगा डब्लिनला कॉम्प्युटरवर पोलिसांसाठी जाळं काढतो. माणूस म्हणजे ठिपका, कोण कोणाबरोबर दिसतो त्या रेघा. कुठल्या टोळक्याचं कुठल्याशी वाजणार ते त्यातून हेरायचं आणि चाकू निघायच्या आधी पोरांना समजवायचं. मी त्याच्याकडे राहायला गेलो तेव्हा म्हटलं, "एवढं शिकलास ते ह्यासाठी? आमचा न्हावी हे दाढी करता करता सांगायचा."

त्यानं तोंड वाकडं केलं. मी माकडटोपी घालून तिथल्या बागेत निघालो.

तिथं दोन टोळकी असायची, एक फाटकाशी, एक तळ्याकडे. मी रोज देवापुढची खडीसाखर बारक्या पुड्यांत बांधून न्यायचो. प्रसाद भेटेल त्याला द्यायचाच, नाही का? आधी ह्यांना, मग त्यांना. पुडी हातात कोंबायची, शेजारी बसायचं आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत तासभर सांगायचं, काम धर, केस काप, आईला फोन कर. पोरं "ग्रँड, ग्रँड" म्हणायची, म्हणजे तिकडचं "बरं, बरं". मला वाटलं, काय ऐकतात माझं!

एक दिवस पोरगा पांढराफटक होऊन घरी आला. साहेबांनी भिंतीवर जाळं दाखवलेलं, आणि दोन्ही टोळक्यांच्या रेघा एकाच ठिपक्यात! लांबून काढलेला फोटो: म्हातारा, माकडटोपी, हातात पांढऱ्या खड्यांची पुडी. सगळे म्हणाले, हाच म्होरक्या. पोरानं टोपी ओळखली. भर ऑफिसात त्याला सांगावं लागलं, हे माझे वडील. चौकशी होईपर्यंत त्याला घरी बसवला. नोकरी राहते की जाते, काही खरं नव्हतं.

पोलीसबाई घरी आल्या. पुड्या घेतल्या आणि विचारलं, ही मुलं तुमचं ऐकतात का? तिथं तरी गप्प बसावं की नाही? मी छाती काढून म्हणालो, "माझ्या शब्दाबाहेर एक जात नाही."

पोरगा घाईघाईनं बाईंना समजावू लागला, बाबांना तसं म्हणायचं नाही.

साखर तपासली, साखरच निघाली. पोरगा कामावर परत गेला, तो संध्याकाळी हसतच आला. म्हणाला, "बाबा, दोन्ही टोळक्यांनी बाग सोडली."

"मग? ऐकलं ना माझं?"

"तुम्हाला टाळायला गेली. पोलिसांनी वेगवेगळं विचारलं, दोघांनी तुमचंच कारण सांगितलं. आजवर त्यांचं कशावर एकमत नव्हतं." मग जरा चाचरला. "साहेब विचारतायत, बाबांचा मुक्काम वाढेल का? आणखी एक बाग आहे."

वाढवला. जन्मभर शेतात बुजगावणी उभी केली मी, पण त्यांना टोपी मी द्यायचो. इथं बुजगावणं मीच, आणि टोपीसुद्धा घरचीच.