सागवानी खांब

लाकडी कोरीवकामाचं मला तेव्हा वेड होतं. वेड कसलं, हाव होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ती मला पुण्याहून थेट हेमलकशाच्या अलीकडच्या एका माडिया आदिवासींच्या गावात घेऊन गेली. जीप आणि ड्रायव्हर चंद्रपूरचे.

तिथला एक म्हातारा मेलेल्या माणसांच्या आठवणीचे खांब कोरायचा. अंगणात एक नुकताच पुरा झालेला होता. पुरुषभर उंच, अंगावर मासे, मोहाची फुलं, टोकाला पाखरू. मी हटूनच बसले, हाच पाहिजे.

"घरी कोण मेलं, बाई?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही. बैठकीच्या खोलीत ठेवीन."

त्यानं खांबावरचा भुसा हातानं झटकला. मग म्हणाला, "न्या. मी दुसरा कोरतो."

खांब जीपमध्ये मागे आडवा ठेवला आणि मागची सगळी जागा संपली. तेवढ्यात म्हातारा जवळ आला. "बाई, बुढीले तीन दिवसापासून ताप हाये. उठून नाई राह्यली. दवाखाना तुमच्या रस्त्यावरच हाये. नेता काय?"

ड्रायव्हर लगेच म्हणाला, "खांब टपावर बांधतो, बाई. बुढीले मागं झोपवू."

आणि मी म्हणाले, "टपावर नको, ओरखडे पडतील. उद्या सकाळी गाडी पाठवते."

आजही हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. दाराशी खाटेवर पडलेली त्याची बायको मला दिसत होती. ताप काय, उतरेल, अशी मी माझीच समजूत घातली. म्हातारा परत खाटेजवळ जाऊन बसला.

सकाळी आलापल्लीच्या लॉजवर खांब उतरवून घेतला आणि शब्दाप्रमाणे गाडी पाठवली. दुपारी ड्रायव्हर रिकामाच परतला.

"बुढी रातीच गेली."

तो घुटमळत उभाच होता.

"बुढा रागावला नाई, बाई. एवढंच म्हणे, दुसरा कोराले लई दिवस लागते. बाईच्या घरी तर कोणी मेलं नाई. तो खांब वापस देते काय, विचारून पाहा."

ड्रायव्हरनं खांब टपावर बांधला, दोरी दोनदा आवळली. "चला ना, बाई," तो म्हणाला.

म्हाताऱ्यासमोर उभं राहायची माझी छाती झाली नाही. डोकं दुखतंय, तूच देऊन ये, म्हणाले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.